नावाचं कॉलेज

भावावर मी सूड घेतला तेव्हा माझं वय त्रेचाळीस होतं. नोकरी करणारी, बारावी झालेल्या मुलीची आई, माहेरचे सणवार न चुकवणारी बाई. असल्या बाईकडून कुणी सुडाची अपेक्षा करत नाही, भावाने तर नाहीच केली. त्याने माझं अठराव्या वर्षी काय नेलं हे मलाच चोवीस वर्षांनी कळलं. कळल्यानंतर मात्र मी एक वर्षही वाया घालवलं नाही.

माझं माहेर शिवथरच्या खोऱ्यात. घळ बघायला जाणाऱ्या गाड्या आमच्या गावावरून जातात. वडील शेतकरी, नदीलगत भाताची जमीन, वर उतारावर नाचणीची. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि ते टिकवायची त्यांना फार काळजी असे. आम्ही दोनच भावंडं. दादा माझ्यापेक्षा एक वर्षाने मोठा.

दादा बारावी झाला तेव्हा त्याचे मार्क बेताचे होते. सरकारी कॉलेजात काही मिळेना. मग पुण्यात एका मोठ्या खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात पेमेंट सीट घ्यायचं ठरलं. नदीकाठचा एक तुकडा विकावा लागला. वडिलांनी कुरकूर केली नाही, कारण त्या कॉलेजला नाव होतं. त्यांनी ते लांबलचक इंग्रजी नाव पाठ केलं. महाडला बियाण्याच्या दुकानात, एसटीत कंडक्टरला, तेराव्याच्या जेवणात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते सांगत, "पोरगा पुण्याला हाय," आणि मग ते नाव. मध्येच कुठेतरी त्यांची जीभ अडखळायची, पण शेवटपर्यंत नेत.

पुढच्या वर्षी मी बारावी झाले. तालुक्यात विज्ञानाला माझ्या पुढे दोघंच होते. पुण्याच्याच एका सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात मला फ्री सीट मिळाली. ते पत्र पोस्टमनने आणलं तेव्हा मी अंगणात गवताचा भारा उतरवत होते. हात पुसून ते उघडलं, दोनदा वाचलं आणि वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते घडी घालून खिशात ठेवलं आणि दोन दिवस कुणाला दाखवलं नाही.

दोन दिवसांनी ओटीवर बसून ते बोलले. फी जास्त नव्हती हे त्यांनी कबूल केलं. पण राहणं, जेवण, येणंजाणं, आणि एक खर्च आधीच पुण्याला चालू. कॉलेजच्या हॉस्टेलात जागा असेल तर पाठवतो म्हणाले. बाहेर खोली घेऊन मुलीला ठेवणं त्यांना जमणार नव्हतं, पैशानेही आणि मनानेही. मला ते पटलं. मी हॉस्टेल मागायला तयारच होते.

चौकशीचं काम दादाकडे गेलं, कारण तो तिथेच होता. वडील मला घेऊन बिरवाडीला गेले, एसटीडी बूथवरून त्याच्या हॉस्टेलला फोन लावला. उद्याच जा, मुलींचं हॉस्टेल डोळ्यांनी बघ, जागा आहे का विचार, असं तीनतीनदा बजावलं. तिसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा बिरवाडीला गेलो. बूथवर रांग होती, नंबर यायला पाऊण तास लागला. वडील काचेच्या आत गेले, मी बाहेर उभी राहिले. आतलं ऐकू येत नव्हतं. ते फक्त मान हलवत होते.

बाहेर येऊन म्हणाले, "हॉस्टेल भरलंय म्हणतो. पोरींची सोय पण बरी नाय. आणि कॉलेजला तसं नाव पण नाय राहिलं आता."

मी म्हटलं, आपण एकदा स्वतः जाऊन बघून येऊ.

"दादा बघून आलाय ना, बाय. आता परत भाडं कशाला घालवायचं?"

तिथेच, बिरवाडीच्या रस्त्यावर, त्यांचा हिशोब झाला. दोन मुलांचा पुण्याचा खर्च, आणि त्यातल्या एका कॉलेजला धड नावही नाही. मग महाड काय वाईट? मी महाडला बी.एस्सी.ला गेले. पुण्याच्या जागेची मुदत संपली त्या दिवशी मी कॉलेजात प्रयोगवहीला कव्हर घालत होते. मला दादाचा राग आला नव्हता. नशीब म्हणतात ते हेच असेल अशी मी समजूत घालून घेतली.

त्या महाडच्या कॉलेजबद्दल मला वाईट बोलायचं नाही. तिथल्या रसायनशास्त्राच्या बाईंनी मला जे शिकवलं त्यावर मी आजही जेवते. सकाळची एसटी चुकली तर एमआयडीसीत जाणाऱ्या कामगारांच्या बसमध्ये उभं राहून जायचं, भिजलेली छत्री पायांत धरून. तीन वर्षं अशी गेली. वडील कुणाला कॉलेजचं नाव सांगत नसत. माझा विषय निघाला तर म्हणत, "ती महाडलाच हाय."

पास झाल्यावर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये लागले, आणि अजून तिथेच आहे. लग्न पोलादपूरला झालं. नवरा शेजारच्या केमिकल कंपनीत फिटर. एक मुलगी. तयार मालाचा नमुना माझ्या टेबलावर येतो. तो नापास करायचा तर सही माझी लागते. पण लॅबच्या मॅनेजरची जागा दोनदा रिकामी झाली आणि दोन्ही वेळा बाहेरून इंजिनिअर आणला. दुसरा आला तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता. त्याला पहिले सहा महिने सगळं मीच शिकवलं. तो मला मॅडम म्हणे आणि माझ्या रजेच्या अर्जावर सही करी. तेव्हाही मी नशिबालाच बोल लावला.

दादा पुण्यातच राहिला. नोकरी, फ्लॅट, गाडी. वडील पाच वर्षांपूर्वी गेले. सातबाऱ्यावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. आई गावातच राहते. ती हट्टाने दोघांनाही गणपतीला बोलावते.

दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीची गोष्ट. माझी मुलगी आणि दादाचा मुलगा, दोघंही त्या वर्षी बारावीला होते. भाचा मला आवडायचा. घरात मला माझ्या कामाबद्दल विचारणारा तो एकटाच होता. नमुना नापास केला तर कंपनीतले लोक चिडत नाहीत का, असं त्याने विचारलं होतं, आणि मी अर्धा तास सांगत होते.

दुपारी पंगत बसली. मी तुपाची वाटी घेऊन वाढत होते. विषय मुलांच्या कॉलेजचा चालला होता. दादा म्हणत होता की कॉलेज निवडताना स्वतः जाऊन बघितलं पाहिजे, ऐकीव माहितीवर जाऊ नये. आणि मग त्याला आठवलं. हसत हसत त्याने सांगायला घेतलं.

"आमच्या वेळी कोण बघत होतं? बाबांनी मला हिच्या कॉलेजची चौकशी करायला सांगितली होती. मी कसला जातोय! त्या दिवशी मॅच होती. टीव्हीसमोरून उठलोच नाही. नंतर बाबांचा फोन आला तेव्हा सांगून टाकलं, हॉस्टेल भरलंय."

वहिनी हसली. नवऱ्याने पानातून वर बघितलं. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "काय बिघडलं? मजेत आहेस की."

मी त्याच्या मोदकावर तूप घातलं आणि पुढच्या पानाकडे गेले. थेंबही सांडला नाही, लॅबमधल्या वीस वर्षांची सवय. पंगत उठल्यावर मागच्या दारी भांडी विसळताना आई जवळ आली. तिनेही ऐकलं होतं. ती हळूच म्हणाली, "जाऊ दे गो बाय, पोर होता तो." मीही पोरच होते. काचेबाहेर उभी होते.

त्या दिवसापासून मी दुसरी बाई झाले. वरून तीच, डबे भरणारी, साडेआठची कंपनीची बस पकडणारी. पण आत सतत एकच गोष्ट चालू. त्या मॅनेजर मुलाने रजेच्या अर्जावर सही केली की मला टीव्हीसमोर बसलेला दादा दिसे. तो खोटं बोलला याहीपेक्षा मला छळत होतं ते हे, की ते त्याला मजेशीर वाटत होतं. चोवीस वर्षं त्याने ते लपवलं नव्हतं. लपवण्याइतकं ते त्याला मोठं वाटलंच नव्हतं.

पहिला सूड मी मुलीच्या हातून घ्यायला निघाले, हे मला लिहायला हवं.

निकाल लागले. मुलीला उत्तम गुण मिळाले. भाच्याची प्रवेश परीक्षा बिघडली. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत मुलीला पुण्याचं तेच कॉलेज लागलं. दादाचं. पेमेंट सीट नाही, गुणांवर. मी फोनवर ते नाव बोटांनी मोठं करून बघितलं. मुलगी आंघोळीला गेली होती. ती बाहेर यायच्या आत मी त्याचा फोटो माहेरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दादाने एक अंगठा पाठवला, शब्द एकही नाही. तो अंगठा मी दिवसभरात कितीदा बघितला असेल.

मुलीला पुढच्या फेरीत कशेडी घाटाच्या पलीकडचं एक सरकारी कॉलेजही मिळण्यासारखं होतं. फी जवळजवळ चौथा हिस्सा, हॉस्टेल कॉलेजचंच. नवऱ्याने कागदावर काही मांडलं नाही, तो तसा माणूस नाही. जेवता जेवता म्हणाला, "चार वर्षं माझा सगळा ओव्हरटाइम आणि तुझं सोनं घातलं, तरी पुण्याचं पुरायचं नाय."

"पुरवू," मी म्हटलं.

"कशासाठी?"

"नावासाठी."

"कुणाच्या?" त्याने विचारलं आणि ताट घेऊन उठला.

मी मुलीला कॉलेज दाखवायला पुण्याला नेलं. पावसामुळे वरंध घाट बंद, म्हणून माणगावहून ताम्हिणीने. कॉलेजचं फाटक बघितल्यावर मला वडिलांची आठवण आली. एवढं मोठं फाटक त्यांनी कधी बघितलंच नव्हतं, फक्त नाव पाठ केलं होतं. मी मुलीला त्यासमोर उभं करून फोटो काढले. ती मात्र आत जाऊन कँटीनमध्ये मुलींशी बोलत बसली. वरच्या वर्गातल्या दोघींना तिने बरंच काही विचारलं. मुलाखतींना कोणत्या कंपन्या येतात, फीशिवाय वर्षाकाठी आणखी काय भरावं लागतं, कर्ज काढून कोण शिकतंय.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. माणगाव जवळ आलं तसं तिने विचारलं, "आई, तुला हे कॉलेज माझ्यासाठी हवंय का?"

मी म्हटलं, मग कुणासाठी?

"मामासाठी. त्याला दाखवायला. तुझं त्याच्याशी भांडण आहे ना, मग तू भांड. माझी चार वर्षं त्यात घालू नकोस."

मला तिचा इतका राग आला की मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. माझ्या आयुष्यात कुणी मला पुण्याचं फाटक दाखवलं नव्हतं आणि ही ते नाकारत होती. तिसऱ्या दिवशी दळण घेऊन येताना माझ्या लक्षात आलं, की माझ्या वेळी दादा जे म्हणाला ते सोयीचं म्हणून सगळ्यांनी मानलं, आणि ही तर स्वतः बघून आली होती. बघून आलेल्या माणसाचं ऐकलं पाहिजे. मी तिला म्हटलं, कशेडीपलीकडचं घे. पुढच्या फेरीत तिला ते मिळालं. फी भरली आणि माझं सोनं कपाटातच राहिलं. पण राग होता तिथेच होता.

त्याच आठवड्यात दादाचा फोन आला. आवाज गोड होता. भाच्यासाठी त्याने त्याच, स्वतःच्या जुन्या कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून जागा बघितली होती. फ्लॅटचं कर्ज असल्यामुळे बँक आणखी देत नव्हती. गावची रस्त्यालगतची जमीन मुंबईचा एक माणूस घ्यायला तयार होता, त्याला घळीच्या पर्यटकांसाठी हॉटेल बांधायचं होतं. आई सही करणार होती. माझी सही हवी होती.

"फक्त फॉर्मॅलिटी आहे गं," तो म्हणाला. "तुला चांगली साडी घेऊ. आणि पुढे पोरीच्या लग्नाला मी बघीनच."

जागेची फी भरायची मुदत जवळ होती, म्हणून खरेदीखत दोनच दिवसांनी महाडच्या रजिस्टर ऑफिसात करायचं ठरलं होतं. तुला सुट्टी मिळेल ना, असं त्याने विचारलं.

मी म्हटलं, "येते दादा. काळजी करू नकोस."

हे बोलताना माझं ठरलं होतं का? हो, ठरलं होतं. लोक म्हणतात अशा गोष्टी रागाच्या भरात होतात. माझी झाली नाही. मी फोन ठेवला, भाजी परतली, आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन सुट्टीचा अर्ज टाकला नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, मुलीला सांगितलं नाही. आदल्या संध्याकाळी दादाने पुन्हा विचारलं तेव्हा पुन्हा म्हटलं, येते.

त्या दिवशी मी नेहमीच्या बसने कंपनीत गेले. फोन फाटकावरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो, तसा बंद करून ठेवला. ॲप्रन चढवला. साडेदहाला नमुने आले. रजिस्टर ऑफिस माझ्या टेबलापासून मोटरसायकलने फार तर पंधरा मिनिटांवर. अकराला मला वाटलं, आता ते पोचले असतील. साडेअकराला वाटलं, आता दादा बाहेर येऊन रस्त्याकडे बघत असेल. साडेबाराला त्याचे फोन सुरू झाले असतील. मी ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत होते आणि मला सुख होत होतं. दुसरा शब्द नाही. डब्यातली भाजीपोळी मी त्या दिवशी चवीने खाल्ली. लॉकर जेवणघराच्या वाटेवरच आहे, मी त्यावरून दोनदा गेले.

दोन वाजता एकदा आईचा विचार आला. तिचे गुडघे दुखतात, ऑफिसबाहेरच्या लाकडी बाकावर तिला बसून राहावं लागलं असणार. तेवढ्यापुरतं ते सुख कडू झालं. मग मी पुढचा नमुना घेतला. तो नापास निघाला. मी सही केली.

संध्याकाळी फोन चालू केला तर पडदा भरून गेला होता. दादाचे, वहिनीचे, नवऱ्याचे, आईने शेजाऱ्याच्या फोनवरून केलेले. पोलादपूरला उतरले तेव्हा दादाची गाडी दारातच उभी होती. तो ओट्यावर होता. नवरा बाजूला उभा, चेहरा उतरलेला. त्यानेही मला कुठे काही झालं का म्हणून दोन ठिकाणी विचारलं होतं, पण मी रजा काढली असेल म्हणून कंपनीत विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"कुठे होतीस?" दादाने विचारलं.

"लॅबमध्ये."

"विसरलीस?"

"नाही. मी निघालेच नाही."

त्याला कळेना. तो सांगत राहिला की चार वाजेपर्यंत थांबून तो खरेदीदार चिडून निघून गेला, त्याला बिरवाडीकडची दुसरी जमीन दिसते आहे, आई तुझ्या काळजीने रडत होती, उद्या फीची मुदत संपते. मी चपला काढल्या, पर्स आत ठेवली आणि त्याच्या समोर येऊन बसले.

"तू मॅच बघत होतास तेव्हा मी बिरवाडीच्या बूथबाहेर पाऊण तास उभी होते, दादा."

"पंचवीस वर्षांपूर्वीचं?"

"तुझ्यासाठी. माझ्यासाठी गेल्या गणपतीतलं."

"आणि माझ्या पोराचं काय?"

"महाडला चांगलं कॉलेज आहे," मी म्हटलं. "एसटी पण आहे."

तो उठला. गाडी मागे घेताना त्याने आमच्या कुंपणाचा एक खांब पाडला. नवऱ्याने तो दुसऱ्या दिवशी पुन्हा रोवला.

मुलगी आतल्या खोलीत सगळं ऐकत होती. मला वाटलं होतं ती माझ्या बाजूने असेल. ती म्हणाली, "मी भांड म्हटलं होतं. तू त्याला फसवलंस. त्याने तुला फसवलं तसंच." मग ती बॅग भरायला लागली, कारण दोन दिवसांनी तिला हॉस्टेलात जायचं होतं. तिला सोडायला कशेडीतून गेलो तेव्हा बोगद्यापाशी गाड्यांची रांग लागली होती आणि तासभर आम्ही दोघी शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होतो.

भाच्याची जागा गेली. त्याला पुण्यातच एका साध्या कॉलेजात प्रवेश मिळाला, ज्याचं नाव मला अजून नीट आठवत नाही. दिवाळीच्या आसपास त्याचा मला फोन आला. मला वाटलं शुभेच्छांसाठी असेल.

"आत्या, त्या दिवशी तू मुद्दाम नाही आलीस ना?"

मी हो म्हटलं. त्याला तरी खोटं सांगायचं नव्हतं.

"मला ते कॉलेज हवं होतं," तो म्हणाला. रागाने नाही. जसं मी बिरवाडीला वडिलांना म्हटलं असतं, मला ते कॉलेज हवं होतं, पण म्हटलं नव्हतं. मी त्याला काय सांगणार? त्याच्या बापाने माझं काय नेलं ते सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला की ते त्याला आधीच कळलं होतं, आजीने सांगितलं होतं. त्यानंतर तो मला फोन करत नाही. माझ्या मुलीला करतो, अभ्यासाचं विचारायला. ती मला सांगत नाही, पण मला कळतं.

कुणी मला विचारलं की पश्चात्ताप होतो का, तर भाच्याचा होतो. त्याचा फोन आठवला की हातातलं काम थांबतं. दादाचा होत नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मी त्यांची बेरीज करत बसत नाही. काही लोक म्हणतात सूड घेतल्यावर हाती काही लागत नाही. माझ्या हाती ते साडेदहा ते साडेपाचचे सात तास लागले. ते मी कुणाला परत देणार नाही.

मी तिथे थांबले नाही. भांड म्हणाली होती ना मुलगी, मग नंतर मी भांडलेही, उघडपणे, अर्ज करून. तहसीलमध्ये जाऊन वाटपाची मागणी केली. दादाने वकिलाकडून पत्र पाठवलं की बहिणीने हक्क सोडावा अशी वडिलांची इच्छा होती. मी उत्तरात लिहिलं की वडिलांची इच्छा त्यांनी कुणाला फोनवर सांगितली असेल तर तो निरोप मला पोचलेला नाही. लॅबमधल्या टायपिस्टने ते टाइप करताना मान वर करून माझ्याकडे बघितलं. आईला दोन्हीकडून त्रास झाला. ती मला म्हणाली, "जमीन घेऊन काय करशील तू, पोलादपुरात बसून?" मी म्हटलं, काही नाही करणार. माझ्या नावावर असू दे.

गेल्या उन्हाळ्यात मोजणी झाली. मोजणीदार यंत्र लावून रस्त्यालगत फिरत होता, खुणेचे दगड रोवले जात होते. दादा एका टोकाला उभा, मी दुसऱ्या. त्याचं पोट सुटलंय, आणि तो उन्हात डोक्यावर रुमाल टाकून उभा होता. पंचनाम्यावर आधी त्याची सही झाली, मग माझी. माझा तुकडा वरच्या बाजूचा, थोडा खडकाळ, पण रस्त्याला लागून. मी त्यावर चालून बघितलं.

आई घरून किटलीत चहा घेऊन आली. तिने आधी मला दिला, मग बांध ओलांडून त्याला. तो पाठमोरा होऊन प्यायला. मी चहा गरम असतानाच संपवला आणि कप आईच्या हातात दिला. ती दोन्ही कप एकात एक घालून घराकडे वळली.